बारा जणी आणि एक ‘ऑफ’

आज अर्जातल्या इंग्रजीबद्दल थोडं बोलू या. बचत गटाचा प्रस्ताव असो की प्रदर्शनात स्टॉल मागायचं पत्र, एखादा परिच्छेद इंग्रजीत लिहायची वेळ येतेच. आणि त्यातलं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: आमच्या गटात बारा महिला आहेत.

मागे आम्ही ते असं लिहिलं, ‘अवर ग्रुप इन्क्लूड्स ट्वेल्व्ह विमेन.’ स्पेलिंग बरोबर, व्याकरणही बरोबर. तरी अर्ज परत आला. शेरा होता, बाकीचे सभासद कोण? योजना फक्त महिलांच्या गटांसाठी होती. बाकी कुणी नव्हतंच हो! पण ‘इन्क्लूड्स’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, बारा महिला आहेत आणि शिवाय आणखीही कुणी असतील. ‘रुखवतात करंज्याही होत्या’ म्हटलं की आणखी बरंच काही होतं असं आपण धरतोच ना, तसं. दुरुस्ती करेपर्यंत मुदत टळली आणि त्या वर्षीचा स्टॉल हातचा गेला.

तिथे हवं होतं ‘कन्सिस्ट्स ऑफ’. अवर ग्रुप कन्सिस्ट्स ऑफ ट्वेल्व्ह विमेन. म्हणजे बाराच, यादी पूर्ण. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात अनुच्छेद ७९ मध्ये संसद कशाची मिळून बनते हे सांगताना हेच क्रियापद वापरलंय. राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा. चौथं काही नाही.

आता आपल्या हमखास चुका. पहिली, ‘इज कन्सिस्टिंग ऑफ’. गट बारा जणींचा असणं ही स्थिती आहे, पोळ्या लाटण्यासारखं चालू काम नाही, म्हणून इथे ‘इंग’ लावायचं नाही. दुसरी, ‘इज कन्सिस्टेड ऑफ’. ही मराठीतून येते. आपण म्हणतो ‘बनलेला आहे’, मग ‘आहे’साठी ‘इज’ घालावंसं वाटतं. ‘बनलेला’च म्हणायचं असेल तर ‘इज कम्पोज्ड ऑफ’ किंवा साधं ‘इज मेड अप ऑफ’ लिहा, तिथे ‘इज’ चालतं.

तिसरी चूक भल्याभल्यांच्या पत्रांत दिसते: ‘कॉम्प्राइझेस ऑफ’. हा शब्द मूळ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याच्या मुळाशी एकत्र धरण्याचा, कवेत घेण्याचा अर्थ आहे. गट बारा जणींना कवेत घेतो. मग मध्ये ‘ऑफ’ कशाला? अवर ग्रुप कॉम्प्राइझेस ट्वेल्व्ह विमेन, एवढंच. ‘इज कॉम्प्राइज्ड ऑफ’ मात्र इंग्रजांच्या लिखाणातही खूप आढळतं, शब्दकोशही त्याची नोंद घेतात. पण काटेकोर वाचणाऱ्यांना ते खटकतं, तेव्हा सरकारी कागदात मी तरी ते लिहिणार नाही.

आणि हो, गट एक आहे, म्हणून ‘कन्सिस्ट्स’च्या शेवटी ‘एस’ हवा. ‘द मेंबर्स’ने वाक्य सुरू करून पुढे ‘कन्सिस्ट ऑफ’ लिहू नका, सभासदांचा गट बनतो, गटाचे सभासद बनत नाहीत. अर्ज टाकण्याआधी ते एक वाक्य शेजारणीला वाचून दाखवा आणि विचारा, ‘यावरून आम्ही किती जणी आहोत असं वाटतं?’ तिने ‘बारा’ म्हटलं की पाकीट बंद करा.