अरबांचा बल्हरा, आपला गोविंदराज

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेजांची ठोकठोक, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि गोदामांतील मालाची चढउतार यांत आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणाऱ्या मराठी माणसास आपण ह्या मुलखात नवखे आहोत, असे सहज वाटून जाते. परंतु ज्या अमिरातीचा एक किनारा इराणच्या आखाताला आणि खोर फक्कान, कलबा यांचा दुसरा किनारा ओमानच्या आखाताला भिडलेला आहे, त्या ह्याच जलमार्गांनी अकराशे वर्षांपूर्वी जहाजे हाकणाऱ्या व्यापाऱ्यांना आपल्या दख्खनच्या सम्राटाचा पुरता परिचय होता. अरबी ग्रंथांत त्यास 'बल्हरा' म्हटले आहे; राष्ट्रकूटांच्या 'वल्लभराज' ह्या बिरुदाचे ते अरबी रूप होय. इ. स. ८५१ मध्ये लिहिला गेलेला आणि सुलेमान नामक व्यापाऱ्याच्या नावावर मोडणारा जो वृत्तांत उपलब्ध आहे, त्यात बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा ह्यांच्या पंक्तीला जगातील चौथा थोर राजा म्हणून बल्हरा बसविला आहे. अवघ्या शंभर वर्षांपूर्वी चालुक्यांचा मांडलिक असलेल्या घराण्यास ही योग्यता कशी प्राप्त झाली, हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या दृष्टीने मोठ्या मोलाचा आहे.

ह्या सत्तेचा पाया दंतिदुर्गाने घातला. कोल्हापूर जिल्ह्यातील सामानगड येथे मिळालेला त्याचा शके ६७५ चा ताम्रपट चालुक्य कीर्तिवर्म्याच्या पराभवाची ग्वाही देतो. त्याच्यामागून आलेल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास लेणे कोरविले, आणि कृष्णाचा पुत्र ध्रुव ह्याने थोरल्या भावास पदच्युत करून गादी घेतली व उत्तरेत गंगा-यमुनेच्या दुआबापर्यंत धडक मारली. परंतु जिंकलेला मुलूख राखावयाचा कसा, ह्याचे शास्त्र ज्याने सिद्ध केले तो पुरुष म्हणजे ध्रुवाचा पुत्र तिसरा गोविंद होय. इ. स. ७९३ च्या सुमारास तो सिंहासनावर बसला तोच मुळी भाऊबंदकीच्या वणव्यात. वडिलांनी धाकट्यास वारस नेमले म्हणून थोरला भाऊ स्तंभ बारा राजांचा संघ घेऊन उठला. आणि ध्रुवाच्या बंदीखान्यातून ज्या गंगराजा शिवमारास गोविंदाने उदार अंतःकरणाने मुक्त केले होते, तोही ह्या बंडवाल्यांस जाऊन मिळाला.

गोविंदाने हा संघ मोडून काढला. परंतु त्याची खरी मुत्सद्देगिरी दिसते ती विजयानंतर. उपकार विसरलेल्या शिवमाराची त्याने पुन्हा कैदेत रवानगी केली, आणि सख्ख्या भावास मात्र क्षमा करून गंगवाडीच्या कारभारावर कायम केले. पुढील ताम्रपटांत तोच स्तंभ धाकट्या भावाचे सार्वभौमत्व मान्य करून दाने देताना आढळतो. लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा, बंदोबस्त त्याने दुसरा भाऊ इंद्र ह्याच्या हाती सोपविला. आणि उत्तरेची सरहद्द अशी विश्वासू हातांत पडल्यावरच त्याने कनोजच्या दिशेने फौज हलविली.

त्या काळी कनोजच्या स्वामित्वासाठी माळवा-राजपुतान्याचे गुर्जर-प्रतीहार, बंगालचे पाल आणि दख्खनचे राष्ट्रकूट ह्या तीन सत्तांची झुंज चालली होती. गोविंदाने प्रतीहार नागभटाचा पराभव केला, तेव्हा पाल नृपती धर्मपाल आणि कनोजच्या गादीवरील त्याचा आश्रित चक्रायुध हे दोघे आपण होऊन शरण आले, असे संजान ताम्रपट सांगतो. गोविंदाने उत्तरेत ठाणी बसविण्याचा अट्टहास केला नाही; शरणागती घेऊन तो दक्षिणेकडे वळला, आणि पल्लवांच्या कांचीवर त्याने अंमल गाजविला. वेंगीच्या राजास गोविंदाच्या छावणीचा कोट बांधून द्यावा लागला, असे राधनपूरच्या ताम्रपटात म्हटले आहे. सिंहलाधिपतीने तर स्वतःची व आपल्या अमात्याची अशा दोन मूर्ती पाठवून अधीनता कळविली. ज्याची राजाज्ञा नाशिक जिल्ह्यातील मयूरखंडीहून सुटत असे, त्याच्या फौजेच्या दौडीचे हे क्षेत्र होते.

ह्या व्यवस्थेची कसोटी लागली ती गोविंदाच्या पश्चात. इ. स. ८१४ मध्ये त्याचा अल्पवयीन पुत्र अमोघवर्ष गादीवर येताच सामंतांनी बंड केले आणि बालराजास काही काळ गादीस मुकावे लागले. त्या वेळी लाटच्या इंद्राचा पुत्र कर्क सुवर्णवर्ष चुलतभावाच्या पाठीशी उभा राहिला, आणि ८२१ पूर्वीच त्याने त्यास पुन्हा सिंहासनी बसविले. ज्या कर्काला गादी बळकावणे अवघड नव्हते, त्याने ती राखून दिली. गोविंदाने आप्तांवर टाकलेल्या विश्वासाचे ह्याहून मोठे फलित कोणते? अमोघवर्षाने एकूण चौसष्ट वर्षांची कारकीर्द पूर्ण केली. प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपले डावे बोट कापून महालक्ष्मीस अर्पण केल्याचे संजान ताम्रपटात नमूद आहे.

परक्यांच्या बाबतीतही ह्या घराण्याचे धोरण असेच मोकळे होते. सुलेमानाच्या वृत्तांतात गुर्जर राजाच्या घोडदळाची वाखाणणी आहे, पण तो अरबांचा कट्टर वैरी असल्याचेही म्हटले आहे. उलट बल्हराइतका अरबांचा चाहता दुसरा राजा नाही, अशी ग्वाही दिली आहे. ह्या स्नेहामागे राजकारण होतेच. सिंधमधील अरब आणि प्रतीहार एकमेकांस भिडलेले असताना प्रतीहारांच्या शत्रूशी सख्य ठेवणे अरबांच्या सोयीचे होते, आणि कोकणच्या बंदरांतील जकात राष्ट्रकूटांस हवी होती. पण केवळ सोयीवर असे संबंध शतकभर टिकत नाहीत. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे मिळालेल्या शके ८४८ च्या ताम्रपटावरून, संजान मंडळाचा कारभार राष्ट्रकूट सम्राटाने मधुमती नामक एका 'ताजिका'कडे, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे सोपविला होता असे दिसते. ह्या गृहस्थाने आसपासची बंदरे जिंकून तेथे आपले अंमलदार बसविले, खाडीवर मोफत तरी सुरू केली, वाटसरूंस भात, कालवण आणि तूप फुकट वाढणारे अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठासाठी जमीन देण्यास संमतीही दिली. त्यापूर्वी दहा वर्षे, इ. स. ९१६ मध्ये, अरब प्रवासी अल्-मसूदी चौलच्या बंदरात उतरला, तेव्हा सीराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेल्यांसह सुमारे दहा हजार मुसलमान तेथे निर्धास्तपणे नांदत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

मात्र ह्या व्यवस्थेचे मर्मस्थानही तिच्यातच दडलेले होते. जिंकलेल्यास उखडावयाचे नाही, निष्ठेवर मुलूख सोपवावयाचा, ही रीत केंद्रस्थानी गोविंदासारखा पारखी पुरुष असेतोवरच निभावते. इ. स. ९७२ मध्ये परमार सीयकाने राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली, आणि पुढल्याच वर्षी कृष्ण तिसऱ्याच्या अमदानीत तर्दवाडीचा प्रांत सांभाळणाऱ्या चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य संपविले. मांडलिकाने उभारलेले साम्राज्य मांडलिकानेच बुडविले. तथापि ज्या सव्वादोनशे वर्षांत ते टिकले, त्यांत त्याने भावाच्या बंडास क्षमा केली, परमुलखीच्या माणसास बंदराचा कारभार दिला आणि त्याच्या हातून तरी व अन्नछत्र चालवून घेतले. रणांगणावरील विजय त्या काळच्या तिन्ही सत्तांनी मिळविले. हे औदार्य मात्र राष्ट्रकूटांच्या थोरवीचे खरे लक्षण होय, असे माझे निश्चित मत आहे.