किरणांचं मोजमाप : रानाची माती, तूर आणि बोअरचं पाणी



किरणोत्सर्ग म्हटलं की अणुबॉम्ब आठवतो. पण तुमच्या रानातल्या मातीतूनही रात्रंदिवस किरणं निघत असतात. मातीत युरेनियम, थोरियम अल्प प्रमाणात असतात, शिवाय पोटॅशियम असतं. पोटॅशियमच्या दर १०,००० अणूंत साधारण एक अणू किरणोत्सर्गी असतो.

हे मोजतात कसं? माती वाळवून, चाळून डब्यात हवाबंद करतात आणि महिनाभर तशीच ठेवतात. मातीतल्या रेडियमपासून रेडॉन वायू होतो. माती उकरली की तो उडून जातो. डबा बंद राहिला म्हणजे तो पुन्हा पहिल्या पातळीवर येतो. मग यंत्र किरणं मोजतं. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. या हिशेबानं १ किलो तूरडाळीत सुमारे ४०० बेकरेल भरतात, जवळजवळ सगळे पोटॅशियमचे. म्हणून डाळ खायची सोडू नका! शरीर लागेल तेवढंच पोटॅशियम ठेवतं, बाकीचं लघवीवाटे जातं.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाची. त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. मग ग्रॅनाइट आहे कुठे? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर, म्हणजे सुमारे ११०० फुटांपर्यंत काळा खडक लागला. खाली गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक.

तेव्हा किल्लारीला ७०० फुटांची बोअर काळ्या खडकातच राहील. पण त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. बोअर घेताना गाडीजवळ उभे राहा. चुरा काळ्याऐवजी पांढरट-गुलाबी, चमचमणारा येऊ लागला, तर किती फुटांवर आला ते लिहून ठेवा आणि पिण्याआधी पाणी तपासून घ्या. युरेनियम जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं नि प्रमाण वाढतं.

नमुना घेताना मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा. वर गाव, गट नंबर, खोली, तारीख लिहा. भूजल सर्वेक्षण कार्यालयात चौकशी करताना "युरेनियम आणि फ्लोराइड दोन्ही बघा" असं आवर्जून सांगा. न सांगता युरेनियम कुणी बघेलच असं नाही.