ई-जे-के-बी-एच

छापखाना चालवणाऱ्या एका मित्राने जुनी हार्ड डिस्क आणून दिली. एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका पुन्हा काढायची होती आणि मूळ मजकूर त्या डिस्कवर ‘कुठेतरी’ होता. असल्या कामांचा मला नाद आहे, हे त्याला ठाऊक होतं.

शोधायला ‘एव्हरीथिंग’ पुरलं. हे फुकट मिळणारं इवलंसं सॉफ्टवेअर विंडोजच्या स्वतःच्या शोधापेक्षा इतकं वेगवान का, याचं कारण साधं आहे. ते फोल्डरमागून फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. हे थेट तो तक्ताच वाचतं. दहा लाख फायलींची यादीही साधारण मिनिटभरात तयार होते, आणि मग अक्षर टाइप करावं तशी यादी आखडत जाते. मात्र ते एरवी पाहतं फक्त नावं, आतला मजकूर नाही. ‘स्मरणिका’चं स्पेलिंग कुणी कसं केलं असेल, हा अंदाज आपणच बांधायचा. ‘एसएमआर’ एवढंच टाइप केलं आणि फाइल हाती आली.

खरी गंमत पुढे होती. फाइल उघडली तर पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. छापखान्यातल्या माणसाला ती पाहताच कळतं: कृतिदेव. या फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा कळा दाबायच्या. फाइलमध्ये साठतात ती हीच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र काढतो. फॉन्ट नसेल तर मराठीही नाही. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मोबाइलवरही ‘म’च राहतो.

कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला वेबवर कन्व्हर्टर बरेच आहेत. वरवर पाहता काम अदलाबदलीचं, पण ऱ्हस्व वेलांटी तिथे घोळ घालते. कृतिदेवमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराआधी टाइप होते. युनिकोडमध्ये उच्चारानुसार अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ‘कर्म’ लिहिताना कृतिदेवमध्ये क, म आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ आधी, ‘म’ मागून. चांगला कन्व्हर्टर ही उलटापालट जोडाक्षरांतही सांभाळतो. म्हणून नवा कन्व्हर्टर दिसला की मी त्याला आधी ‘स्थिती’ आणि ‘वार्षिक’ घालून बघतो. तिथे अडखळला तर पुढे वेळ घालवायचा नाही.

दुसरी चाचणी खासगीपणाची. पान उघडल्यावर वायफाय बंद करायचं आणि मग बटण दाबायचं. तरीही मजकूर बदलला तर काम आपल्याच ब्राउझरमध्ये चाललं आहे. स्मरणिकेत सभासदांचे पत्ते होते, तेव्हा ही खात्री हवीच होती.

एवढं करूनही दोन गोष्टी हाताने कराव्या लागल्या. एक म्हणजे मधलं इंग्रजी. कन्व्हर्टरमध्ये मजकूर चिकटवताना फॉन्टची माहिती गळून जाते, त्यामुळे ई-मेलचे पत्तेही त्याला कृतिदेवच वाटतात आणि त्यांचा अगम्य चिवडा होतो. वर्डच्या ‘फाइंड’मध्ये फॉन्टचं नाव देऊन शोधता येतं, तसे सगळे इंग्रजी तुकडे आधी बाजूला उतरवून घेतले. ही सोय वर्डमध्ये कित्येक वर्षं आहे, पण रोज वर्ड वापरणारेही तिकडे फिरकत नाहीत.

दुसरी आपली खास मराठी अडचण: ‘ऱ्य’. बहुतेक कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यांना हा अर्धा र परका. संस्था गिर्यारोहकांची, त्यामुळे पानोपानी दऱ्या होत्या आणि त्यांचे सरसकट ‘दर्या’ झाले होते. एका झटक्यात सगळे बदलावेत तर ‘दर्यासारंग’ही बिघडणार. तेव्हा ‘रिप्लेस ऑल’ला हात न लावता एकेक पाहून बदलले. मित्राने तोवर पुढच्या स्मरणिकेची फाइल पाठवली होती. ती श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये निघाली, म्हणजे अक्षरांचा तक्ता वेगळा, कन्व्हर्टरही वेगळा.