आत्याबाईंचा अंगठा आणि आपला गट

आज बोटाबद्दल बोलायचंय. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोटाबद्दल.

आमच्या आत्याबाई, म्हणजे मिस्टरांच्या आत्या, 75 च्या पुढच्या. सगळा जन्म उसाच्या फडात आणि चुलीपुढं गेला. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये खात्यात येतात, ते काढायला त्या अंगठा द्यायला गेल्या. मशीन म्हणालं, जुळत नाही. दुसऱ्या दिवशी परत गेल्या, परत तेच. तिसऱ्या खेपेला केंद्रावरचा पोरगा वैतागला. गाडीभाडं गेलं ते गेलंच, पण घरी येऊन आत्याबाई म्हणाल्या, "माझा अंगठा मेला गं. आता मी हाय का न्हाई, कोण सांगनार?"

हे ऐकून मी जरा माहिती काढली. अंगठा मेलेला नसतो. बोटावर ज्या बारीक रेषा असतात, त्यांचे उंचवटे आणि खाचा मशीन टिपतं. खुरपं, कोयता, राख, कपड्याचा सोडा, सिमेंट यांनी त्या रेषा झिजतात. वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते, मग रेषा पुसट उमटतात. हात धुवून पुसायचा, अगदी कोरडा असेल तर किंचित ओलसर करायचा, आणि बोट दाबून न धरता सपाट टेकवायचं. तेल मात्र नको, काचेवर डाग पडतो. मुख्य म्हणजे, आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. म्हणून अंगठाच पाहिजे असं काही नाही. आत्याबाईंचं काम शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेनं झालं! तेव्हापासून त्या बोटाला त्या "माझं बँकेचं बोट" म्हणतात. कोणतंच बोट जुळत नसेल, तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्यावेत. काही कामांना डोळ्याची बाहुली, चेहरा किंवा मोबाईलवर येणारा ओटीपीही चालतो, ते आधी विचारून घ्यावं.

आता दुसरं बोट, मोबाईलवरचं. नातू पुण्याला, त्यानं आजीला टच फोन पाठवला, आणि आजी म्हणते, "ह्याला माझा हात लागत नाही." खरंच लागत नाही. या फोनच्या काचेखाली डोळ्याला न दिसणारी विजेची बारीक जाळी असते. बोटात ओलावा असतो, त्यामुळं बोट टेकलं की तिथली वीज थोडी हलते आणि फोनला जागा कळते. घट्टे पडलेल्या, सुकलेल्या बोटातून ते नीट पोचत नाही. वर जाड काच चिकटवलेली असली की आणखीच अवघड. त्यात म्हातारं माणूस बोट लवकर उचलत नाही, तिथंच दाबून धरतं. फोनला वाटतं, हिला वेगळंच काही हवंय, आणि भलतंच काही उघडतं. मग आपण खेकसतो, "किती वेळा सांगायचं?"

बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेचा भाग असतो. तिथं बोट दाबून धरायचा वेळ वाढवता येतो, अक्षर मोठं करता येतं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज लावता येतो. मोबाईलच्या दुकानात रबरी टोकाचा पेनही मिळतो. पहिल्या पानावर चार फोटो ठेवायचे: मुलगा, मुलगी, शेजारीण, डॉक्टर. बाकी सगळं आत लपवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते करायला घरात कोणाला वेळ नसतो. इथंच आपल्या गटाचा धंदा आहे.

आपला दौंड तालुकाच बघा. दौंड जंक्शन, त्यामुळं रेल्वेतून निवृत्त झालेले किती तरी जण. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट इथंच, त्यांचे पेन्शनर आहेत. यवत, पाटस, वरवंडला निवृत्त शिक्षक आहेत. शिरूरकडं घोडनदीला तेच चित्र. या पेन्शनवाल्यांना बहुधा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून 'जीवन प्रमाण' आलंय, त्यात हा दाखला घरबसल्या निघतो, आणि 2021 पासून तर बोटाऐवजी चेहऱ्यावरही निघतो. त्याला ठशाचं मशीन लागत नाही, चांगल्या कॅमेऱ्याचा फोन पुरतो. आधार, पीपीओ नंबर, बँक खातं आणि मोबाईल नंबर हाताशी हवा. श्रावणबाळ, संजय गांधी योजनेचं हयातीचं काम मात्र वेगळं, ते तहसीलच्या सांगण्याप्रमाणं. दोन्हींची गल्लत करून कोणाकडून पैसे घेऊ नका.

पोस्टमनही घरी येऊन हा दाखला काढून देतो. त्याचं शुल्क पोस्टात विचारा आणि आपला दर त्याच्या आसपासच ठेवा. नोव्हेंबर संपला की पुढं काय, हा खरा प्रश्न. म्हणून महिन्याचं ठरवून घ्यावं. समजा 40 घरं, घरटी 50 रुपये, म्हणजे महिन्याला 2000. त्यात आठवड्याला एक फेरी: फोन नीट करणं, विजेचं बिल भरून देणं, औषधाच्या वेळेचा गजर लावणं, लेकाला व्हिडिओ कॉल लावून देणं. दोघी बायकांना यातून मोठी कमाई होणार नाही, हे आधीच सांगते. भाजीच्या धंद्याला जोड म्हणून ठीक. पुण्या-मुंबईची मुलं मात्र आईवडिलांसाठी हे पैसे खुशीनं देतात, म्हणून पैसे मुलांकडून मागा, म्हाताऱ्यांकडून नको. गटातली कोणी उमेदमधून बीसी सखी झालेली असेल, तर तिला बरोबर घ्या. पैसे काढायचं काम तीच अधिकृतपणे करू शकते.

बोटानं शिकवायचं काम आपल्या तालुक्याला नवं नाही बरं का. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभरएक वर्षांपूर्वी अंध बायका बोटांनी ब्रेल वाचायला शिकत होत्या. तेव्हा लोकांनी काय म्हटलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता जोखमीचं. म्हाताऱ्या माणसाचं बोट आपल्या हातात येणं म्हणजे तिजोरीची किल्लीच हातात येणं. एका ओळखीच्या बाईंचा अंगठा "आला नाही" म्हणून दोनदा घेतला आणि पैसे दोनदा गेले. पासबुक भरल्यावर कळलं. म्हणून घरी जायचं तर दोघींनी जायचं. अंगठा कशासाठी घेतोय, ते आधी मोठ्यानं सांगायचं. पावती लगेच हातात, वहीत तारीख आणि सही. पिन विचारायचा नाही, कोणी सांगू लागलं तरी कानावर हात ठेवायचा. वापर नसेल तेव्हा आधारवरचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात, ते करून द्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन, वेळ घालवायचा नाही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 आहे.

नोव्हेंबरची गर्दी व्हायच्या आत, ऑक्टोबरच्या बैठकीत गल्लीतल्या 60 वर्षांपुढच्यांची यादी करा. फोन कोणता, बोट कोणतं चालतं, हेही त्यात लिहा. आमच्या यादीत पहिलं नाव आत्याबाईंचं आहे. परवा रात्री दहाला त्यांचा व्हिडिओ कॉल आला, अर्ध्या स्क्रीनवर छत, अर्ध्यावर कपाळ. "लागला का गं?" म्हणाल्या. लागला होता.