डावी चप्पल, उजवी चप्पल आणि बीपीची गोळी

बीपीवरच्या प्रोप्रॅनोलॉल गोळीत एकाच रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात, डाव्या-उजव्या चपलेसारखी. बीपीचं काम मुख्यतः एकच करतं. दुसरं पोटात फुकट जातं.

मग हवी तीच चप्पल कशी बनवायची? साध्या रिअ‍ॅक्शनमध्ये दोन्ही सारख्याच बनतात. म्हणून कॅटॅलिस्टच एका पायाचा घ्यायचा. आपल्या शरीरातलं प्रोलीन हे अमिनो आम्ल तसंच आहे. ते रेणूला तात्पुरतं चिकटतं, पुढच्या तुकड्याला एकाच बाजूनं येऊ देतं, मग सुटून नवा रेणू धरतं. महागडा धातू लागत नाही!

बेंजामिन लिस्ट यांच्या टीमनं २००० साली प्रोलीनची ही ताकद दाखवली. २०२१ला डेव्हिड मॅकमिलन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. पुण्याच्या एनसीएलमध्ये तर प्रोलीन वापरून प्रोप्रॅनोलॉलचं नेमकं कामाचंच रूप बनवलंय.