हद्दपारांची गाणी आणि गाणारे

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन टाकले. बहुतेक चोरीच्या गुन्ह्यातले. जमीनदाराच्या रानात रात्री तिघे वा अधिक जण हत्यारानिशी शिकारीला शिरले, तर १८२८ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंत हद्दपारी होती.

या माणसांची गाणी एकपानी कागदावर छापून रस्त्यात विकली जात. 'व्हॅन डीमन्स लँड' हे त्यांतलेच. चोरट्या शिकाऱ्यांना नांगराला जुंपल्याचे ते सांगते. मात्र छापणारा बाजार पाहून छापत होता, हे विसरता येत नाही. 'बॉटनी बे' हे सर्वतोमुखी झालेले गाणे तर १८८५ साली लंडनच्या एका विनोदी संगीतिकेतून आले. शेवटचे कैदी जहाज जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती! प्रेक्षकांना आता बेडीचाही ठेका गोड लागत होता.

कैदी स्वतः लिहू लागला की सूर बदलतो. टॉलपडलचे सहा शेतमजूर मजुरीतील कपातीविरुद्ध संघटित झाले. बेकायदा शपथ दिल्याचा ठपका ठेवून १८३४ मध्ये त्यांना सात वर्षांची हद्दपारी दिली. त्यांच्यातला जॉर्ज लव्हलेस परतला आणि १८३७ मध्ये त्याने पुस्तिका काढली. तीत पश्चात्ताप नाही, आरोप आहे. डिकन्सचा मॅग्विच वाचकाची करुणा मिळवतो. लव्हलेस ती मागतच नाही.

आणि ज्यांच्या भूमीवर हे सारे घडले ते आदिवासी? या गाण्यांत ते क्वचितच भेटतात. त्यांची जमीन कोणाचीच नाही असे धरून घेतली गेली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ही कल्पना माबो खटल्यात फेटाळली, ती १९९२ मध्ये.