अण्णांची गोष्ट आणि रोस्सेलिनींचा चित्रपट

आमच्या घरी एक गोष्ट पुराणासारखी सांगितली जात असे. सांगणारे आमचे अण्णा. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तेव्हा त्यांनी रोबेर्तो रोस्सेलिनींचा ‘रोम, ओपन सिटी’ पाहिला आणि घरी येऊन आईला सांगितले, “अगं, त्या माणसाजवळ फिल्म घ्यायलासुद्धा पैसे नव्हते! रस्त्यावरच्या फोटोग्राफरांकडून उरलेसुरले तुकडे घेतले, एकाला एक जोडले आणि एवढा चित्रपट काढला!” पुढे आम्हां भावंडांपैकी कोणी पेन्सिल लहान झाल्याची तक्रार केली, की अण्णा रोस्सेलिनींना बोलावीत. तो तुकडे जोडून चित्रपट काढतो आणि तुम्हांला एवढ्याशा पेन्सिलीने पाढे लिहवत नाहीत?

कार्लो लिद्झानींचा १९९६ सालचा ‘चेल्लुलोइदे’ मी पाहिला, तेव्हा ही गोष्ट पुन्हा आठवली. उगो पिर्रो यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून घेतलेला हा सबंध चित्रपट ‘रोम, ओपन सिटी’ कसा तयार झाला याचीच हकीगत आहे. लिद्झानी स्वतः रोमचे. तरुणपणी त्यांनी ‘जर्मनी, इयर झीरो’ या चित्रपटासाठी रोस्सेलिनींबरोबर काम केले होते. तेव्हा ही माणसे त्यांना केवळ ऐकून ठाऊक नव्हती.

४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झाले. पण चित्रपट काढायचा तरी कुठे? चिनेचित्ता या मोठ्या स्टुडिओत निर्वासितांची बिऱ्हाडे! मग पूर्वी जिथे कुत्र्यांच्या शर्यती चालत असा एक हॉल मिळाला, त्यातच खोल्या उभ्या केल्या. विजेची चणचण. ध्वनिमुद्रण परवडेना, म्हणून आधी मूक चित्रण आणि आवाज मागाहून. रोस्सेलिनींनी घरातले सामान विकले. आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाईंनी दागिने पुढे केले होते, त्याची आठवण कोणा मराठी माणसाला होणार नाही?

‘चेल्लुलोइदे’मध्ये मला अधिक भावला तो पटकथाकार सेर्जो अमिदेई. जान्कार्लो जान्नीनीने ही भूमिका केली आहे. मास्सिमो गिनी रोस्सेलिनी झाला आहे आणि लीना सास्त्री आन्ना मान्यानी. (आडनाव वाचून मी क्षणभर चमकलेच! पण बाई नेपल्सच्या.) ही मंडळी भांडतात, पैशांसाठी वणवण करतात, एकमेकांवर रुसतात. चोवीस-पंचवीस वर्षांचा फेल्लिनी तेव्हा अमेरिकन सैनिकांची व्यंगचित्रे काढून पोट भरीत होता. विनोदी नट आल्दो फाब्रित्सी याला धर्मगुरूच्या भूमिकेसाठी राजी करावे म्हणून रोस्सेलिनी त्याच्या दुकानात गेले, आणि अखेर फेल्लिनी पटकथेलाही हात लावून बसला!

पण या धडपडीखाली एक ओली जखम होती. जर्मनांनी पकडून नेलेल्या आपल्या नवऱ्यासाठी तेरेसा गुल्लाचे ही बाई ३ मार्च १९४४ रोजी रोममधल्या बराकीसमोर उभी होती. पाच मुलांची आई, त्यातून गरोदर. तिला तिथेच गोळी घालण्यात आली. पुढच्याच महिन्यात दॉन मोरोसिनी या धर्मगुरूंना गोळ्या घालून ठार केले. चित्रपटातली पीना आणि दॉन पिएत्रो अशा माणसांवरून उभी राहिली आहेत. चित्रण सुरू झाले १९४५ च्या जानेवारीत. म्हणजे वर्षसुद्धा उलटले नव्हते, आणि उत्तर इटलीत जर्मन फौजा अजून होत्याच. मान्यानीची पीना ट्रकमागे धावत सुटते आणि गोळी लागून कोसळते. ते दृश्य पाहताना आजही घशात आवंढा येतो.

आता अण्णांच्या तुकड्यांविषयी. १९९५ मध्ये या चित्रपटाचा जीर्णोद्धार करताना मूळ निगेटिव्ह तपासली, तेव्हा सारे मिळून फिल्मचे फक्त तीनच प्रकार निघाले. बाहेरच्या दृश्यांना फेर्रानिया कंपनीचा एक आणि आतल्या दृश्यांना आग्फाचे दोन. नाना ठिकाणच्या कापलेल्या तुकड्यांची ती गोधडी नव्हतीच!

हे वाचले आणि मला चोरट्यासारखे झाले. अण्णा तर गेलेले. भाऊबीजेला दादा आला तेव्हा भीत भीत त्याला सांगितले. तो एकदम उखडला. म्हणाला, “अण्णा काय खोटे सांगत होते?”

मी वाद घातला नाही. फराळाच्या बशा बाजूला सारल्या आणि दोघांनी मिळून तो जुना ‘रोम, ओपन सिटी’च पाहिला. पीना कोसळली तेव्हा दादाने चष्मा काढून पुसला. शेवटी धर्मगुरूला खुर्चीत बसवून गोळ्या घालतात, आणि कुंपणापलीकडून पाहणारी मुले माना खाली घालून शहराकडे परत निघतात. दादा बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, “फिल्मचे काय ते तू मुलांना खरे सांग. त्या बाईचे सांग, धर्मगुरूचे सांग. घरातले सामान विकल्याचे सांग.”

चपला घालता घालता तो पुन्हा वळला. “पण पेन्सिलीचे तेवढे तसेच राहू दे हं!”